शब्दचर्चा : वॉर्निंग, कॉशन, अ‍ॅडव्हायझरी – तिन्हींना ‘इशारा’च म्हणायचं का?

अनुवादिनी :
नमस्कार मंडळी. एका मासिकाच्या विज्ञान पुरवणीसाठी विमानांच्या प्रमाणपत्राच्या नियमांवरचा लेख मराठीत आणतेय आणि एका परिच्छेदापाशी दोन दिवस अडकलेय. अमेरिकेच्या विमान नियमावलीत भाग 25 मध्ये 1322 क्रमांकाचं कलम आहे. मोठ्या प्रवासी विमानात काही बिघडलं तर ते वैमानिकांना कसं कळवायचं, याचं हे कलम. त्यात कळवण्याच्या तीन पायऱ्या आहेत.

वॉर्निंग : वैमानिकाला ताबडतोब कळलं पाहिजे आणि त्याने ताबडतोब काहीतरी केलंही पाहिजे.
कॉशन : ताबडतोब कळलं पाहिजे, कृती मागाहून.
अ‍ॅडव्हायझरी : कळलं पाहिजे, मागाहून कृती लागेल किंवा लागणारही नाही.

तिन्हींचं मिळून आडनाव अलर्ट. मी पहिल्या खर्ड्यात ‘धोक्याचा इशारा’, ‘सावधगिरीचा इशारा’, ‘सूचना’ असं केलं आणि अलर्टलाही ‘इशारा’च ठेवलं. संपादकांनी समासात लिहून पाठवलंय, ‘इशारेच इशारे, पण फरक काय?’ बरोबरच आहे त्यांचं. काय करू?

शब्दवेडा :
गोंधळ ‘इशारा’ या शब्दातच आहे, ताई. मुळात अरबी शब्द, अर्थ खूण. हिंदी-उर्दूत अजून तोच अर्थ, डोळ्याने केलेला इशारा. वॉर्निंगला हिंदीत ‘चेतावनी’ म्हणतात. मराठीत मात्र इशाऱ्याने दात काढले. ‘कामगारांचा संपाचा इशारा’, ‘मच्छीमारांना इशारा’. ‘धोका’चंही तसंच. त्यांच्याकडे फसवणूक, आपल्याकडे संकट.

गंमत म्हणजे जुना अर्थ मराठीत दुसऱ्या रूपात टिकलाय : ‘इशारत’. विशाळगडावरच्या इशारतीच्या तोफा आठवा. मग अलर्ट म्हणजे इशारत आणि वॉर्निंग म्हणजे इशारा, असं करून बघा.

वऱ्हाडकर :
आमच्या नागपुरात ‘त्यानं इशारा केला’ म्हटलं तर लोक आधी डोळाच समजतात बरं. ‘इशारा दिला’ म्हटलं तरच धमकी. क्रियापदावर आहे सारं.

अनुवादिनी :
वऱ्हाडकर, हे छान पकडलंत. इशारा करणे आणि इशारा देणे. पण यंत्र काय करतं? इशारा ‘वाजतो’? ‘पेटतो’? ‘उमटतो’?
शब्दवेडा, ‘इशारत’ मोहात पाडतो खरा, पण एका पानावर इशारा आणि इशारत दोन्ही आले तर वाचक त्याला मुद्रणदोष समजेल. शिवाय त्या तोफा ‘सुखरूप पोचलो’ हे सांगायला होत्या. म्हणजे या नियमाच्या भाषेत तो हिरवा दिवा झाला.

पाना-पक्कड :
विमानांच्या देखभालीत चाळीस वर्षं काढली, आता निवृत्त. वाजतो का पेटतो विचारलंत, तर दोन्ही. खरं म्हणजे नियमाचा गाभाच तो आहे. वॉर्निंग आणि कॉशन या दोन्हींनी वैमानिकाच्या निदान दोन इंद्रियांना एकाच वेळी गाठलं पाहिजे. कान, डोळे, स्पर्श यांतली कुठलीही दोन. स्पर्श म्हणजे स्टिक शेकर. विमान स्टॉल व्हायला आलं, म्हणजे पंखांची उचल जायला आली, की हातातला दांडाच थडथड हलायला लागतो. ज्याने तो एकदा हातात धरलाय त्याला ‘इशारा’ शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघावा लागत नाही.

पूर्वी असं नव्हतं. 1977 मध्ये जे कलम होतं त्याच्या शीर्षकातच ‘दिवे’ होते : वॉर्निंग, कॉशन आणि अ‍ॅडव्हायझरी दिवे. लाल म्हणजे धोका, लगेच सावरावं लागेल. अंबर (नारिंगीकडे झुकणारा पिवळा) म्हणजे पुढे कधीतरी हात घालावा लागेल. हिरवा म्हणजे सगळं ठीक. संपलं कलम. कारण तेव्हा कॉकपिट म्हणजे दिवे आणि काटेच होते. पुढे काचेचे पडदे आले, बोलणारे आवाज आले, आणि नोव्हेंबर 2010 मध्ये कलम नव्याने लिहिलं गेलं. जानेवारी 2011 पासून लागू. ‘दिवे’ गेले, ‘अलर्टिंग’ आलं. तुमच्या लेखात जुना नियम असेल तिथे ‘दिवे’ आणि नवा असेल तिथे दुसरा शब्द, एवढं तरी नक्की करा.

एक सांगू? पायऱ्या धोक्यावरून नाहीत, वेळेवरून आहेत. ‘किती भयंकर’ हा प्रश्न नाही. ‘हात कधी घालायचा’ हा प्रश्न आहे. तुमचा ‘धोक्याचा इशारा’ तिथेच चुकतो.

डबल यलो :
काका, अगदी! रेल्वेत आम्ही हेच शिकतो. एक पिवळा म्हणजे कॉशन : पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने ये. दोन पिवळे म्हणजे अटेन्शन. पिवळा घाबरवत नाही, वेळ सांगतो. डोंबिवलीच्या अलीकडे पिवळा दिसला तर कोणी दचकत नाही, पण ज्याने तो पाहिला नाही त्याची नोकरी गेली.

शब्दवेडा :
मग कॉशनला ‘सावधान’ का नको? स-अवधान, अवधानासह. नियमातलं ‘कळलं पाहिजे’ ते हेच. ‘खबरदार’ही तसाच, फारसी, ज्याच्याकडे खबर आहे तो. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ फक्त ‘लक्ष आहे’ एवढाच. वापराने एक शब्द बोहल्यावर गेला आणि दुसरा दरडावायला लागला.

वऱ्हाडकर :
सावधान नको भाऊ. भटजींनी दिली होती अ‍ॅडव्हायझरी, नारायणाने घेतली वॉर्निंग आणि थेट टाकळी गाठली. 😄

अनुवादिनी :
हाहा, समर्थांना यात ओढू नका! पण मुद्दा खरा आहे. ‘सावधान’ला लग्न आणि कवायत इतके चिकटलेत की कॉकपिटमध्ये ते हास्यास्पद वाटेल.
‘सावधगिरीचा इशारा’ मात्र मला अजून सोडवत नाही. त्यात काय वाईट आहे?

पाना-पक्कड :
सावधगिरी घडण्याआधी बाळगतात. कॉशनचा दिवा लागतो तेव्हा पंप आधीच मेलेला असतो. घर जळाल्यावर ‘आगीपासून सावध’ अशी पाटी लावण्यासारखं होईल ते.

शब्दवेडा :
मान्य. शस्त्रं खाली ठेवतो.

सिएटलकर :
इथे विमान-सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत काम करते, म्हणून थोडी भर. अनुवादिनी, तुमचा लेख बहुधा बोईंगच्या 737 मॅक्स विमानाचा असणार. त्याशिवाय या कलमाची आठवण कोणाला येते? लायन एअरचं विमान 29 ऑक्टोबर 2018 ला पडलं, 189 गेले. इथिओपियनचं 10 मार्च 2019 ला, 157. दोन्हींत एका बाजूच्या सेन्सरने विमानाचं नाक हवेला किती वर आहे याचा चुकीचा कोन दिला. एमकॅस हे मॅक्समधलं स्वयंचलित सॉफ्टवेअर नाक खाली ढकलत होतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच वेळी एका वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरत होता, वेग जुळत नाही हे दाखवणारा इशारा होता, उंची जुळत नाही हा दुसरा. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने सप्टेंबर 2019 च्या अहवालात नेमकं हेच धरलं : वैमानिक अमुक सेकंदांत अमुक करेल हे गृहीत धरताना, एकाच वेळी इतके इशारे अंगावर आले तर तो काय करेल हे तपासलं नव्हतं.

मग अमेरिकेत डिसेंबर 2020 चा कायदा आला. त्यात असं की दोन वर्षांनंतर ज्या विमानाला प्रमाणपत्र मिळेल त्यात हे तीन प्रकार वेगवेगळे दिसले पाहिजेत, आणि आधी कशाकडे बघायचं ते ठरवायला यंत्रणेने मदत केली पाहिजे. मॅक्स 7 आणि मॅक्स 10 ही त्याच विमानाची दोन रूपं त्या मुदतीत बसली नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यांना त्या अटीतून मोकळं केलं, पण बदल्यात दोन गोष्टी मागितल्या : कोनाची जास्त भरवशाची माहिती, आणि चुकीने वाजणारा स्टॉलचा व अतिवेगाचा इशारा बंद करायची सोय. त्या जुन्या मॅक्सनाही बसवायच्या.

अनुवादिनी :
हो, तोच लेख! पण मॅक्समध्ये हे आधीच का नव्हतं, हे मला मूळ लेखातून नीट कळलं नाही.

पाना-पक्कड :
कारण 737 हे 1967 च्या प्रमाणपत्राचं लेकरू आहे. जुन्या प्रमाणपत्रात दुरुस्त्या करत नातवंडं काढली की सगळे नवे नियम लागू होतातच असं नाही. अमुक बदल व्यवहार्य नाही असं पटवून दिलं की सूट मिळते, आणि या कलमाच्या काही भागांतून मॅक्सला ती मिळाली होती.

737 मध्ये समोरच्या पट्टीवर मास्टर कॉशनचा अंबर दिवा, आणि दोन्ही वैमानिकांपुढे सहा-सहा नावांची छोटी पेटी. आम्ही तिला ‘सिक्स पॅक’ म्हणायचो. पेटी फक्त मोहल्ला सांगते : हायड्रॉलिक, विद्युत, इंधन. घर नंबर शोधायला मान वर करून छताचं पॅनेल बघायचं. 1982 मध्ये 757 आणि 767 आली, त्यांत बोईंगने आयकॅस बसवलं. पडद्यावर सरळ वाक्य येतं, वर लाल, खाली अंबर, आणि अ‍ॅडव्हायझरी एक घर आत सरकवून. एअरबसचं इकॅम त्यापुढे जाऊन ‘आता हे कर, मग ते कर’ अशी यादीच देतं. म्हणजे बोईंगच्याच 767 मध्ये ओळखीची वाटणारी गोष्ट, तिच्या नंतर चाळीस वर्षांनी बनणाऱ्या 737 मध्ये नाही.

यादीलाही मर्यादा असते म्हणा. नोव्हेंबर 2010 मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए380 चं इंजिन फुटलं, तेव्हा इकॅमचे संदेश निस्तरायला पाच जणांना जवळपास 50 मिनिटं लागली.

शब्दवेडा :
अवांतर : मराठी वर्तमानपत्रांत ‘स्टॉल’चं भाषांतर ‘इंजिन बंद पडले’ असं सर्रास दिसतं. कृपया लेखात ते टाळा.

पाना-पक्कड :
शंभर टक्के. स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. पंख हवेला जास्तच तिरका झाला की वरचा प्रवाह सुटतो आणि उचल जाते. इंजिनं जोरात चालू असताना विमान पडू शकतं. 2009 चं एअर फ्रान्स 447 तसंच पडलं. तिथे तर आणखी विचित्र. वेग 60 नॉट्सखाली गेला की कोनाचं माप ग्राह्य धरायचं नाही असं यंत्राला शिकवलेलं. त्यामुळे परिस्थिती सर्वांत वाईट असताना इशारा गप्प, आणि नाक खाली घेऊन सुधारायला गेलं की पुन्हा ‘स्टॉल, स्टॉल’. बरोबर वागणाऱ्याला ओरडा आणि चुकणाऱ्याला शांतता. 228 माणसं होती.

डबल यलो :
अंगावर काटा आला, काका.

एक प्रश्न. हवामान खात्याचे रंग याच्याशी जुळतात का? कोकणात जुलैत रोज रेड अलर्ट, ऑरेंज अलर्ट ऐकतो.

अनुवादिनी :
मीही तिथे डोकावले होते. तिथे पिवळा म्हणजे ‘वॉच’, नारिंगी म्हणजे ‘अलर्ट’ आणि लाल म्हणजे ‘वॉर्निंग’. म्हणजे विमानात जे आडनाव आहे ते हवामानात मधल्या भावाचं नाव! आणि आपण सगळे ‘रेड अलर्ट’ म्हणतो, जो त्यांच्या तक्त्याप्रमाणे खरं तर ‘रेड वॉर्निंग’. तिथल्या क्रिया मात्र आवडल्या : माहिती ठेवा, तयार राहा, कृती करा.

फाईलवाला :
मंत्रालयात पस्तीस वर्षं कागद हलवले. इतका वेळ नुसता वाचत होतो, पण ताई, तुम्ही ज्या तीन पायऱ्या शोधताय त्या आम्ही रोज वापरायचो. ‘तात्काळ कार्यवाही करावी.’ ‘गांभीर्याने दखल घ्यावी.’ ‘माहितीस्तव व आवश्यक त्या कार्यवाहीस्तव.’ तिसरं वाक्य नीट वाचा. आधी माहिती, मग कार्यवाही, तीही आवश्यक वाटली तर. तुमची अ‍ॅडव्हायझरी याहून वेगळी काय आहे?

शब्दवेडा :
बाप रे. हे तर शब्दशः कलम 1322 झालं!

पाना-पक्कड :
दखल! हाच शब्द. दखल लगेच घ्यायची, काम मागाहून. आणि वैमानिक दाबतो ते बटण म्हणजे ‘दखल घेतली’ अशी पोच. नियमातही आहे, वॉर्निंग आणि कॉशनच्या प्रत्येक इशाऱ्याची पोच देऊन तो गप्प करता आला पाहिजे, सतत वाजत ठेवणं मुद्दाम आवश्यक असेल तेवढं सोडून.

फाईलवाला :
फक्त एक धोका सांगून ठेवतो. आमच्याकडे फायलीला ‘तातडीचे’ अशी पताका लावायची पद्धत. हळूहळू सगळ्याच फायलींना ती लागली. मग ‘अति तातडीचे’ आली. शेवटी ज्या फायलीला काहीच लावलेलं नाही ती साहेब आधी उघडायचे.

सिएटलकर :
काका, हेही कलमात आहे! लाल, अंबर आणि पिवळा हे रंग इशाऱ्याखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरायचे तर जपून, कारण त्याने इशाऱ्यांची किंमत उतरते. अ‍ॅडव्हायझरीला लाल आणि हिरवा सोडून कोणताही. आणि खोटे व नाहक इशारे कमीत कमी येतील अशी रचना हवी.
‘फॉल्स’ आणि ‘न्यूसन्स’ दोन वेगळे आहेत, अनुवादिनी. दोन्हींना ‘खोटा’ करू नका.

अनुवादिनी :
फॉल्स म्हणजे लांडगा नसतानाच ‘लांडगा आला रे’. न्यूसन्स म्हणजे लांडगा खरंच आहे, पण पिंजऱ्यात आहे हे सगळ्यांना माहीत असताना ओरडणं. बरोबर?

सिएटलकर :
यापेक्षा चांगली व्याख्या मी ऑफिसातही ऐकली नाही. 😊 ‘खोटा इशारा’ आणि ‘नाहक इशारा’.

शब्दवेडा :
आणि सिगारेटच्या पाकिटावरचा ‘वैधानिक इशारा’ कुठे बसवायचा? खरा आहे, नाहक नाही, तरी बघत कोणी नाही.

पाना-पक्कड :
त्याला आवाज नाही ना! एकच इंद्रिय. 1322 मध्ये नापास.

बरं, एक गंभीर उदाहरण देतो. लेखात घेता आलं तर घ्या. 14 ऑगस्ट 2005, हेलिओस 522, लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेलं 737. केबिनमधला दाब वाढवणारी यंत्रणा हाताने चालवायच्या स्थितीत राहून गेली होती. वर चढताना भोंगा वाजला. त्या विमानात तोच तुटक भोंगा दोन कामांना होता : जमिनीवर वाजला तर ‘उड्डाणाची तयारी चुकली’, हवेत वाजला तर ‘केबिनमधली हवा विरळ होतेय’. वैमानिकांना तो पहिल्या अर्थाचा वाटला. पुढे ऑक्सिजन कमी पडून वैमानिकांसह जवळजवळ सगळेच हळूहळू बेशुद्ध झाले आणि इंधन संपेपर्यंत विमान आपोआपच उडत राहिलं. 121 जण. नंतर या विमानांत दोन अर्थांसाठी दोन वेगळे दिवे बसवले गेले. म्हणून म्हणतो, संपादकांचा ‘इशारेच इशारे, फरक काय’ हा प्रश्न साधा नाही.

अनुवादिनी :
हे घेतेच. एका ध्वनीला दोन अर्थ. लेखाची सुरुवात यानेच करावी असं वाटायला लागलंय.

आता ठरवते : अलर्ट म्हणजे ‘इशारा’. वॉर्निंग ‘कृती-इशारा’, कॉशन ‘दखल-इशारा’, अ‍ॅडव्हायझरी ‘माहिती-इशारा’. पहिल्यांदा येतील तिथे इंग्रजी शब्दही देवनागरीत सोबत देईन. ‘माहितीस्तव’ तसाच ठेवायचा मोह झाला, पण वाचकाला कचेरीत गेल्यासारखं वाटेल. ‘मागाहून’ मात्र ठेवतेय. आधी ‘यथावकाश’ लिहिलं होतं.

फाईलवाला :
यथावकाश काढलंत ते उत्तम. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो.

सिएटलकर :
+1. पण एक काटा राहिलाच. टीकॅसमधली ‘रिझोल्यूशन अ‍ॅडव्हायझरी’. दोन विमानं एकमेकांवर येत असली की यंत्र एकाला ‘वर जा’, दुसऱ्याला ‘खाली जा’ सांगतं. नावात अ‍ॅडव्हायझरी, प्रत्यक्षात पाच सेकंदांत पाळायचा हुकूम. ही तुमच्या तक्त्यात ‘माहिती-इशारा’ झाली तर अनर्थ.

पाना-पक्कड :
अनर्थ झालेला आहे. 1 जुलै 2002, जर्मनीतलं उबरलिंगेन. यंत्र टुपोलेव या रशियन विमानाला ‘वर जा’ म्हणत होतं, जमिनीवरचा नियंत्रक ‘खाली जा’. त्याने नियंत्रकाचं ऐकलं. समोरचं 757 यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. 71 जण गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने स्पष्ट केलं की अशा वेळी यंत्राचंच ऐकायचं. आपल्याकडे नोव्हेंबर 1996 मध्ये चरखी दादरीवर दोन विमानं धडकली, 349 माणसं. त्यांत हे यंत्रच नव्हतं. नंतर भारताने ते सक्तीचं केलं.

शब्दांचा खेळ इथेही बघा. पूर्वी एक आज्ञा होती, ‘अ‍ॅडजस्ट व्हर्टिकल स्पीड’. उभा वेग जुळवून घे. म्हणजे कमी कर, पण शब्दात कमी-जास्त काहीच नाही! काही वैमानिकांनी उलट वाढवला. नव्या आवृत्तीत ती काढून ‘लेव्हल ऑफ’ केली, सपाट हो. उभ्या वेगाचं गणित करायची गरजच संपली.

वऱ्हाडकर :
मग हे आवाज मराठीत करायचे का? ‘वर घे, वर घे’?

पाना-पक्कड :
नाही हो, कॉकपिटमध्ये इंग्रजीच. पण तुमचा विनोद विनोद नाही. 1993 मध्ये चीनमध्ये उरुमचीजवळ एक एमडी-82 पडलं. जमीन जवळ आल्यावर यंत्र ‘पुल अप’ ओरडत होतं, आणि ‘पुल अप म्हणजे काय?’ असं वैमानिक चिनीत विचारत असल्याचं ध्वनिमुद्रणात आलं. बारा जण गेले.

अनुवादिनी :
...

ठीक. रिझोल्यूशन अ‍ॅडव्हायझरीला ‘टक्करटाळू आदेश’ करते, आणि नावात अ‍ॅडव्हायझरी असली तरी वागणूक कृती-इशाऱ्याची आहे हे चौकटीत लिहिते.

शब्दवेडा :
यंत्र ‘आदेश’ देतं हे कानाला खटकतं, पण दुसरं सुचत नाही. राहू द्या.

अनुवादिनी :
मजकूर पाठवला, मंडळी. संपादकांचं लगेच उत्तर : दखल-इशारा आवडला. आता नवा प्रश्न, कॉकपिटला ‘वैमानिककक्ष’ का नाही?

शब्दवेडा :
कॉकपिट म्हणजे मुळात कोंबड्यांच्या झुंजीचा खड्डा, हे कळवा त्यांना. मग जहाजावर गेला, तिथून विमानात. त्याचा नवा धागा काढा.

पाना-पक्कड :
काढा. पण आधीच सांगून ठेवतो, चाळीस वर्षांत ‘वैमानिककक्ष’ हा शब्द हँगरमध्ये कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.